नवसाचे केस

वामनराव मास्तरांनी सोजराला मधल्या सुट्टीच्या आधीच वर्गातून उठवलं. ती घरी गेली नाही. सरळ मिरचीच्या वावरात आली आणि पाटी छातीशी धरून कडेच्या धुऱ्यावर उभी राहिली.

कोकिळा दुसऱ्या तोड्याला वाकलेली होती. मार्गशीर्षातलं ऊन वरून मवाळ दिसतं, पण दिवसभर पाठीवर घेतलं की कळतं. ओटी लाल मिरच्यांनी भरून पोटाला टोचत होती. तिनं मान वर केली तेव्हा पोरगी दिसली.

"काऊन वं? शाळा सुटली?"

"मले काढलं."

"कोणं काढलं?"

"मास्तरानं." सोजरा खाली बघत बोलत होती. "पाटलाच्या पोरीच्या वहीवर ऊ पडली. ते म्हणे सोजराच्या डोक्यातली हाय. मंग मास्तर म्हणे, डोस्कं साफ झाल्याबिगर शाळेत यायचं नाही."

शेजारच्या सरीत तानुबाई तोडत होती. बाई वाईट नव्हती, अडीअडचणीला पीठमीठ देणारी होती. पण हे ऐकल्यावर तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला, दोन सऱ्या सोडल्या आणि पुढची सरी धरली. कोकिळाला ती काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पोरगी चौथीत होती. जिल्हा परिषदेची शाळा, एक मास्तर, चार वर्ग आणि भिंतीवर नव्या महाराष्ट्राचा नकाशा. त्या नकाशात बुलढाणा कुठं आहे हे सोजरानं मायला एकदा जमिनीवर काडीनं काढून दाखवलं होतं. सासू सत्यभामाबाई दिवाळीपासून धरून बसली होती की झालं तेवढं शिकणं पुरे, पोरगी घरी बसवा, भावाला सांभाळील, तोड्याला हात लागेल. कोकिळा तेवढ्या एका गोष्टीसाठी सासूपुढं अडून राहिली होती. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं, नवऱ्यालाही नाही. माहेरी कार्ड धाडायचं तर आधी तानुबाईच्या नवऱ्याच्या पाया पडावं लागे, आणि मनातलं सगळं परक्या माणसाला सांगावं लागे. सोजरा लिहायला लागली तशी ती लाचारी संपली. चौथी पास झाली की पोरीला कोणी अडाणी म्हणणार नाही, एवढंच कोकिळाला पाहिजे होतं. आणि आता ते एका उवेवर येऊन अडलं होतं.

"जाय, सावलीत बस," ती म्हणाली. "संध्याकाळी पाहू."

संध्याकाळी पाहणं सोपं नव्हतं. दिवसभर मिरची तोडलेले हात ताकानं धुवा, राखेनं घासा, गोडंतेल चोळा, जळजळ काही जात नाही. कोकिळानं सोजराचं डोकं मांडीवर घेतलं आणि केस दोन बाजूंना केले. केस कमरेपर्यंत होते, दाट. कानामागं आणि मानेवर लिखा पांढऱ्या राळ्याच्या दाण्यांसारख्या चिकटल्या होत्या. खाजवून खाजवून टाळू सोललेली. तिनं एक ऊ धरून अंगठ्याच्या नखावर चिरडली आणि दुसरीला बोट लावलं, तशी सोजराचं अंग आखडलं.

"आग होते काय वं?"

"हाव."

"थोडं सोस."

पोरगी ओठ चावून पडून राहिली. पाच-सात उवा निघाल्या तोवर तिच्या डोळ्यांतून पाणी गळून कोकिळाचं लुगडं ओलं झालं होतं. मिरचीचे हात आणि सोललेली टाळू यांचं जमणारच नव्हतं. तोडा संपेपर्यंत हात सुटणार नव्हते, आणि तोडा फाल्गुनापर्यंत चालणार होता.

मग तिनं घासलेट लावलं. घासलेट चोळून डोक्याला फडकं गच्च बांधलं, दुसऱ्या दिवशी काळ्या मातीनं आणि रिठ्यानं डोकं धुतलं, दाट दातांची फणी फिरवली. मेलेल्या उवा पाटावर टपटप पडल्या. तानुबाईनं लांबूनच सांगितलं होतं की सीताफळाच्या बिया वाटून लाव, पण ते डोळ्यांत गेलं तर डोळा जातो म्हणून कोकिळा त्या वाटेला गेली नाही. घासलेटानं काम झालं. सोजरा शाळेत गेली. मास्तरांनी पेन्सिलीनं तिचे केस उचलून पाहिले आणि बसायला सांगितलं.

सहा दिवस गेले. सातव्या दिवशी पोरगी पुन्हा धुऱ्यावर उभी होती.

उवा कुठून येतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सांगत कोणी नव्हतं. सोजरा आणि तिचा भाऊ मोतीराम एका गोधडीत झोपत, आणि मोतीरामच्या डोक्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

मोतीराम पाच वर्षांचा होता. सोजराच्या पाठीवर दोन लेकरं जाऊन मग तो झाला. सत्यभामाबाईनं नदीकाठच्या आसरामायला नवस बोलला होता: पोरगा जगला तर जावळ तुझ्या पायाशी काढीन, बोकड देईन, तोवर त्याच्या केसांना लोखंड लागू देणार नाही. पोरगा जगला. पण म्हातारीनं नवसाला आपल्या पदरची कलमं जोडली. कात्री-वस्तरा तर नाहीच, फणीही नाही, कारण फणीनं केस तुटतो आणि तुटलेला केस आसरा मोजून घेते. मग त्या केसांच्या गुठळ्या झाल्या. तेल, धूळ, घाम आणि पाच वर्षं. मानेवर फोड, फोडांतून पू, पुवावर माशी. पोरगं रात्रंदिवस दोन्ही हातांनी डोकं खरवडत असे, आणि आजी त्याचे हात धरून म्हणे, "नको रे राज्या, देवीचे केस हायेत."

जावळ तिसऱ्याच वर्षी व्हायचं. ते अडलं मामावर. जावळ काढताना पोरगं मामाच्या मांडीवर पाहिजे, ही रीत. मामाची मांडी नसेल तर बोकड कापूनही उपयोग नाही. आणि मामा, म्हणजे कोकिळाचा थोरला भाऊ निवृत्ती, आणि तिचा नवरा रंगराव, यांचं दोन वर्षांपासून बोलणं नव्हतं. कोकिळाच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात पहिल्या पंगतीला रंगरावचं पान मांडायचं राहून गेलं. घरचा थोरला जावई उभा राहिला आणि व्याह्यांकडचे गाडीवान जेवायला बसले. रंगराव उपाशीच बैलगाडी जुंपून घरी आला होता. निवृत्तीनं स्वतः येऊन हात जोडल्याशिवाय मी त्याला बोलावणार नाही, हा रंगरावचा हेका. दाजींनी बोलावल्याशिवाय मी त्यांच्या उंबऱ्याशी जाणार नाही, हा निवृत्तीचा. धाड गावच्या बाजारात दोघं एकमेकांना पाहून रस्ता बदलत. दोन मिशा फुटलेली माणसं एका पत्रावळीवरून रुसली होती आणि त्याचा पू लेकराच्या मानेवरून वाहत होता. कोकिळाला कधीकधी दोघांचाही इतका राग येई की हातातली मिरची ती देठासकट चुरडून टाकी.

रंगराव जेवायला बसला तेव्हा तिनं विषय काढला.

"ऐकलं काय? पोरीले पुन्हा शाळेतून काढलं."

"ऐकलं. बाजारापर्यंत गेली ती गोष्ट." रंगरावनं भाकरी मोडली. "पाटलानं मले चारचौघात इचारलं, रंगराव, घरी फणी नाही काय म्हणे."

"पोरीचं डोस्कं मी साफ केलं होतं. ते मोतीरामचं…"

"त्याचं नाव काढू नको," सासू चुलीजवळून म्हणाली.

"नाव काढत नाही आत्याबाई. पण दोन वर्सं झाले. दादाले एक निरोप धाडला तं…"

रंगरावनं पाण्याचा गडू खाली आपटला नाही, नुसता ठेवला. तो कधी आपटत नसे. "त्याले गरज असंन तं तो येईन. मी धाडणार नाही. अन् पोरीचं म्हणशीन तं भादरून टाक. केसच नाही तं उवा कायच्या? सोमवारी न्हावी येते."

"पोरीच्या जातीचं डोस्कं भादरावं काय?"

"मंग बसू दे घरी. मायही तेच म्हणते."

सासूनं त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.

कोकिळानं तीन दिवस विचार केला. केस वर्षा-दीड वर्षात येतील, चौथी गेली ती गेली, असा तिनं हिशोब बसवला. सोजरालाही तिनं हेच सांगितलं. सोजरानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मोत्याचे काऊन नाही भादरत?"

"त्याचे नवसाचे हायेत."

"माहे कायचे हायेत?"

कोकिळानं पोरीच्या वेणीचा गोंडा सोडला.

सोमवारी न्हावी आला. आधी रंगरावची दाढी झाली. मग सोजराला अंगणात पोत्यावर बसवलं. न्हाव्यानं वस्तरा चामड्यावर फिरवत दोनदा कोकिळाकडं पाहिलं.

"वहिनी, बरोबर कापून देतो. खांद्यापावतर ठेवू. साफ उतरवलं तं बरं दिसत नाही, लोकं इचारतेत घरात काय झालं."

"साफच उतरव," रंगराव खाटेवरून म्हणाला. "मास्तर पुन्हा बोलला नाही पायजे."

पोरगी हलू लागली तशी कोकिळानं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. आधी कात्रीनं वेणी गेली. मग पाणी लावून वस्तरा. वस्तऱ्याचा आवाज खरखर येत होता आणि सोललेल्या जागी रक्ताचे थेंब उभे राहत होते. सोजरा रडली नाही. ती मायचं मनगट धरून होती, आणि तिची नखं कोकिळाच्या कातडीत रुतली होती. मोतीराम समोर उकिडवा बसून, डोकं खाजवत, हे सगळं मन लावून बघत होता.

सत्यभामाबाईनं केस गोळा करून उकिरड्यावर जाळले. वास बराच वेळ घरात राहिला.

दुसऱ्या दिवशी डोक्याला फडकं बांधून सोजरा शाळेत गेली. पोरांनी ते पहिल्याच तासाला ओढून काढलं. मुंडी, मुंडी म्हणत दोन दिवस तिच्या मागं फिरले. वामनराव मास्तरांनी छडी उगारून त्यांना गप्प केलं, पण पाटलाच्या पोरीजवळ तिला बसवलं नाही. दाराजवळ वेगळं पोतं टाकून दिलं. सोजरा त्या पोत्यावर बसून लिहीत होती. घरी येऊन ती काही सांगत नसे, हे सगळं कोकिळाला तानुबाईकडून कळलं. तरी कोकिळाला वाटलं, बसते आहे ना, लिहिते आहे ना, पोतं वेगळं असलं म्हणून काय झालं.

पौष निम्मा गेला. सोजराच्या डोक्यावर नखभर खुंट उगवले. एका सकाळी गोधडी उन्हात टाकताना कोकिळाला शिवणीत उवांची ओळ दिसली. तिनं सोजराला हाक मारली, खुंटांतून बोट फिरवलं, आणि कानामागं पुन्हा लिखा लागल्या. मोतीराम खाटेवर तापानं पडला होता. मानेवरचा फोड फुटून केसांची गुठळी त्यात चिकटून बसली होती. कोकिळानं ती ओल्या फडक्यानं सोडवायला घेतली तेव्हा गुठळीखालची जागा अक्षरशः हलत होती. ती गोठ्यामागं जाऊन बसली आणि तिला स्वतःची लाज वाटली. पोरीचे केस आपण फुकट घालवले. ज्याचे काढायचे त्याचे काढायची हिंमत नव्हती म्हणून जिचे काढता आले तिचे काढले, एवढंच त्यात खरं होतं.

त्या दिवशी टपालवाल्याकडून तिनं एक कार्ड घेतलं आणि चोळीत लपवलं. दुपारी वावरात, सासू घरी आणि रंगराव मोटेवर असताना, तिनं सोजराला बांधावर बसवलं.

"मामाले लिही."

"काय लिहू?"

"लिही, मोतीरामचं जावळ माघातल्या पुनवेले धरलं. तुम्ही या. तुमच्या मांडीबिगर होत नाही." मग कोकिळा एका दमात म्हणाली, "अन् लिही, पंगतीचं मी इसरलो, तुम्हीही इसरा. खाली रंगराव असं लिही."

सोजरानं पेन्सिल उचलली. "बा म्हणले काय असं?"

"म्हणतीन."

"मंग आता खोटं हाय."

"तुह्या भावाचं डोस्कं सडून राह्यलं. तू लिही."

सोजरानं लिहिलं. मास्तरांनी शिकवलं होतं तसं वर तारीख, मग साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. अक्षर मोठं आणि गोल होतं. रंगराव हे नाव लिहिताना ती थोडी थांबली, आणि मग तेही लिहिलं. कोकिळानं कार्ड पालथं-उलथं करून पाहिलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण फार छान दिसलं.

आठ दिवसांनी निवृत्ती स्वतः आला. धुऱ्यावरूनच त्यानं "दाजी" म्हणून हाक मारली आणि येऊन रंगरावच्या पायाला हात लावला. रंगराव मोट सोडून उभा राहिला. त्याचा चेहरा लहान पोरासारखा उजळला. निवृत्ती आपण होऊन आला, हात जोडले, जिंकलो. निवृत्तीला वाटत होतं, दाजींनी कार्ड धाडलं, नमले, आता आपण लहान व्हायला काय हरकत. दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून घरी आले. कोकिळानं चहा केला आणि कपबशा दोघांपुढं ठेवल्या.

पुनवेला नदीवर सगळं गणगोत जमलं. आसरामायच्या शेंदूर लावलेल्या दगडांना सत्यभामाबाईनं खण-नारळ ठेवला. निवृत्तीनं नवी टोपी, नवा अंगरखा आणला होता. तो मांडी घालून बसला आणि मोतीरामला त्यानं मांडीवर घेतलं, तोंडात गुळाचा खडा दिला. न्हावी हळद लावलेला वस्तरा घेऊन पुढं झाला. गुठळ्या एकेक सुटून कणकेच्या मोठ्या गोळ्यावर पडत होत्या. आत्या-माम्या म्हणत होत्या, हळू रे, राजाले लागंन. पोरगं रडलं की निवृत्ती त्याला कुरवाळत होता. कणकेवर उवा चालत होत्या आणि ते कोणी पाहत नव्हतं. गोळा पाण्यात सोडला तेव्हा सगळ्यांनी हात जोडले.

सोजरा लांब, धुण्याच्या दगडावर बसली होती. सासूनं घरीच बजावलं होतं: "मुंडं डोस्कं घेऊन मंगल कार्यात समोर येऊ नको." कोकिळाला मधूनच आपलं अंगण आठवत होतं. तिथं गूळ नव्हता, हळू म्हणणारं कोणी नव्हतं, आणि डोकं दाबून धरणारे हात आपलेच होते.

पंगत वावरात बसली. बोकडाचं जेवण, भाकरी, पहिल्या पंगतीत रंगराव आणि निवृत्ती शेजारी शेजारी. निवृत्ती जेवता जेवता मोठ्या आवाजात बोलत होता. त्याची माय आजारी होती, खोकला हटत नव्हता, म्हणून ती येऊ शकली नव्हती. "कमीजास्त झालं तं कळवीन बाई," असं तो वाढायला आलेल्या कोकिळाला म्हणाला. मग त्यानं टोपीच्या घडीतून कार्ड काढलं आणि सगळ्यांना दाखवलं.

"माणूस पाहा लेको. माह्या दाजीनं सवताहून कार्ड धाडलं. काय लिहिलं? पंगतीचं मी इसरलो, तुम्हीही इसरा. मले वाचतानी रडू आलं."

लोक वा वा म्हणाले. रंगरावचा घास हातात राहिला. त्यानं कार्डाकडं पाहिलं, निवृत्तीकडं पाहिलं, आणि तो घास तोंडात घातला. पुढचं सगळं जेवण तो खाली मान घालून जेवला. पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला तोच गेला.

परत आला तेव्हा दिवे लागायचे होते. कोकिळा अंगणात राखेनं डेग घासत होती. सासू उंबऱ्यात होती. सोजरा पाणी घालत होती.

"कार्ड कोणं लिहिलं?" रंगरावनं विचारलं.

"मी," सोजरा म्हणाली.

"लिहाले कोणं सांगतलं?"

सोजरानं मायकडं पाहिलं. कोकिळाच्या तोंडाशी शब्द आला होता. पण आत्ताच माहेरची गाडी गेली होती, आणि तिच्या मागोमाग आपल्यालाही लुगड्यानिशी रस्त्यावर काढतील, मोतीराम इथंच राहील, निवृत्तीचं येणं-जाणं पुन्हा बंद होईल, असं सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. हे ती नंतर स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे तिला भीती वाटली, दुसरं काही नाही. तिचे हात डेगीवर फिरतच राहिले.

मायकडं पाहण्यासारखं आता काही नाही हे सोजराला समजलं असावं.

"कोणं नाही," ती म्हणाली. "माह्या मनानं लिहिलं."

रंगरावनं तिला मारलं नाही. तो आत गेला, खुंटीवरची शाळेची पिशवी काढून आला. "बापाच्या नावानं लिहाले शिकली. बाप नाक घासते म्हणून गावभर लिहाले शिकली. झालं शिकून. उद्यापासून वावरात जाईन." त्यानं पिशवी सत्यभामाबाईकडं टाकली.

वह्यांची पानं सासूनं चूल पेटवायला घेतली. पाटी चांगली होती म्हणून माठावर झाकण केली.

फाल्गुन लागला. मोतीरामचं डोकं आठ दिवसांत कोरडं झालं, फोड बसले, नवी टोपी घालून तो गावभर हिंडू लागला. सासू येईल त्याला आसरामायची कृपा सांगत होती. घरात शोधूनही ऊ सापडत नव्हती. सोजराचे केस दोन बोटं वाढले होते, स्वच्छ, काळे. संध्याकाळी कोकिळा तिला म्हणे, ये, तेल लावून देतो. सोजरा म्हणे, राहू दे. तिचेही हात आता मिरचीनं जळत असत. ती ते राखेनं घासे, ताकानं धुवे, आणि मायला काही विचारत नसे.

शेवटच्या तोड्याच्या दिवशी टपालवाला वावरातच आला आणि कार्ड रंगरावच्या हातात देऊन गेला. रंगरावनं ते उलटं-पालटं केलं. कोकिळा धावत आली. कार्डाचा कोपरा फाडलेला नव्हता, एवढं तिनं आधी पाहिलं. म्हणजे अजून मरणाची बातमी नव्हती. पण चांगली होती का?

"दादाचं असंन. मायचं काही लिहिलं असंन," ती म्हणाली.

रंगरावनं इकडंतिकडं पाहिलं. वावरात दुसरं वाचणारं कोणी नव्हतं. वामनराव मास्तर होळीच्या सुट्टीला गावी गेले होते आणि तानुबाईचा नवरा धाडच्या बाजाराला गेलेला. त्यानं कार्ड सोजरापुढं धरलं.

"वाच."

सोजरानं हात लुगड्याच्या तुकड्याला पुसले आणि कार्ड घेतलं. कोकिळा तिच्या डोळ्यांकडं बघत होती. डोळे पहिल्या ओळीवरून सरकले, दुसरीवर आले, तिसरीवर आले. शेवटच्या ओळीशी थांबले. मग सोजरानं मान वर करून मायकडं पाहिलं, बराच वेळ, अगदी त्या दिवशी अंगणात पाहिलं होतं तसं.

"मले येत नाही वाचता," ती म्हणाली.

"काऊन? येत होतं ना?" रंगराव म्हणाला.

"इसरली."

"सोजरे," कोकिळा म्हणाली. "आजीचं काय लिहिलं वं? बरी हाय ना ते?"

"मले काय माहीत."

तिनं कार्ड बापाच्या हातात परत दिलं. ओटी पोत्यात रिकामी केली, आणि कोकिळा उभी होती त्या बाजूच्या दोन सऱ्या सोडून पुढची सरी धरली.